रानांतील छत्र्या



श्रावणाची झड लागली कीं आपल्या वऱ्हाडांतला माणूस चिखलदऱ्याची वाट धरतो. कोणी गाविलगड पाहावयास, कोणी नुसतें धुकें पाहावयास. गतवर्षीं आम्ही दहा-बारा जण अमरावतीहून निघालों, ते मात्र भूछत्रांची मोजदाद करण्यासाठीं. वनखात्याची परवानगी घेतली होती. नियम एकच: पाहावें, मोजावें, टिपून घ्यावें; उगाच उपटूं नये. परतवाड्याहून एक वृद्ध कोरकू गृहस्थ वाटाडे म्हणून बरोबर आले.

भूछत्र ही वनस्पती नव्हे. त्यांत हरितद्रव्य नसतें. मातींत वा कुजक्या लाकडांत पसरलेले बारीक तंतू हेंच त्याचें खरें शरीर, आणि वर दिसते ती छत्री म्हणजे जणूं त्याचें फळ. सागाचीं गळलेलीं पानें कुजवून त्यांची माती करण्यांत या तंतूंचा मोठा वाटा असतो.

एका वारुळापाशीं टेकोडे दिसले. वाळवी आपल्या वारुळांत यांची शेतीच करते. चावलेल्या पाचोळ्याचे थर रचून ती त्यांवर तंतू वाढविते, आणि तंतूंनीं नरम केलेले तेच थर मग खाते. कपाशीच्या मुलखांतील आम्हांला हा जुना कास्तकार पाहून मोठें कौतुक वाटलें!

मुक्कामाच्या बंगल्यापुढील हिरवळीवर ताटलीएवढ्या पांढऱ्या छत्र्या उगवल्या होत्या. तरुण मंडळींनीं भाजीचा बेत केला. मींहि "खाण्याजोग्या दिसतात" असें म्हणून टाकलें. वाटाडे मात्र म्हणाले, "हें आम्ही ओळखत नाहीं, आणि ओळखत नाहीं तें खात नाहीं." मी ओशाळलों. एका छत्रीचा देठ कापला, पापुद्रे खालीं करून ती पांढऱ्या कागदावर ठेवली आणि वर भांडें झाकलें. सकाळीं कागदावर बीजाणूंचा हिरवट ठसा उमटला होता. क्लोरोफायलम मोलिब्डायटिस या विषारी भूछत्राची ती खूण. त्यानें ओकाऱ्या व जुलाब यांनीं माणूस बेजार होतो.

चांदीचें नाणें काळें पडलें नाहीं, किंवा किड्यानें कुरतडलें आहे, एवढ्यानें भूछत्र निर्विष ठरत नाहीं. दुसऱ्या कांहीं भूछत्रांचें विष तर शिजवूनहि जात नाहीं, आणि त्याचीं लक्षणें सहा तासांनंतर, कधीं दुसऱ्या दिवशीं दिसूं लागतात. तोंवर यकृताची हानि सुरू झालेली असते.

म्हणून येत्या पावसाळ्यांत रानांत जाल तेव्हां वही न्या, भिंग न्या, जाणता वाटाड्या सोबत घ्या. परडी मात्र घरींच असूं द्या.