संगणकाची बोली बदलते तेव्हा

(तळवली येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून काहींना वाटेल की ही चर्चा अभियंत्यांनी करावी, भाषा शिकवणाऱ्या शिक्षकाने त्यात का पडावे? परंतु हा प्रश्न मुळात भाषेचाच आहे, आणि त्याचा भार अखेर तुमच्या खिशावर व मुलांच्या अभ्यासावर पडतो. पोटाला चिमटा घेऊन मुलासाठी नवा लॅपटॉप आणावा आणि घरातला चांगला चालणारा प्रिंटर त्याला ओळखेनासा व्हावा. शाळेने नवे यंत्र घ्यावे आणि वीस वर्षांच्या नोंदी सांभाळणारा जुना प्रोग्राम त्यावर उघडूच नये, असे प्रसंग आता वारंवार येतात. त्यामागचे कारण समजून घेतले तर पुष्कळसा खर्च आणि मनस्ताप वाचतो.

संगणकाचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. त्याला मराठी, उर्दू किंवा इंग्रजी कळत नाही. त्याला फक्त आकडे कळतात. कोणत्या आकड्याचा अर्थ कोणती आज्ञा, हे त्या प्रोसेसरच्या घराण्याने ठरवलेले असते. इंटेलने १९७८ साली ८०८६ हा प्रोसेसर काढला आणि त्याचे घराणे पुढे घरोघरच्या संगणकांत पोचले. या घराण्यात एकट्या १४४ या आकड्याचा अर्थ ‘काही न करता पुढे चल’ असा होतो. दुसरे घराणे आर्म. त्याचा पहिला प्रोसेसर १९८५ साली इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत तयार झाला. आपल्या खिशातले मोबाईल जवळजवळ सगळे याच घराण्यातले. त्याचा आज्ञाकोश निराळा आहे. म्हणून एका घराण्यासाठी तयार केलेला प्रोग्राम दुसऱ्यापुढे ठेवला, तर आपल्यापुढे चिनी भाषेतले पत्र ठेवल्यासारखे होते. कागद तोच, शाई तीच, पण अर्थबोध शून्य.

या प्रश्नाचा मोठा धडा आपल्या महाराष्ट्रातच गिरवला गेला आहे. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावी जन्मलेले डॉ. विजय भटकर तिचे पहिले प्रमुख. अमेरिका आपले अतिशक्तिमान महासंगणक भारताला द्यायला राजी नव्हती. तेव्हा अनेक लहान प्रोसेसर एकत्र जुंपून मोठे काम करून घेण्याचा मार्ग या मंडळींनी धरला आणि १९९१ साली परम ८००० उभा केला. त्यात ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर होते. परंतु पुढे ट्रान्सप्युटरचा वंशच खुंटला. मग परम ९००० मध्ये स्पार्क घराण्यातले प्रोसेसर आले, १९९८ च्या परम १०००० मध्ये त्याच घराण्याची पुढची पिढी आली, परम पद्ममध्ये आयबीएमचे पॉवर-४ आले आणि २००८ च्या परम युवामध्ये इंटेलचे प्रोसेसर बसले. सतरा वर्षांत निदान चार घराणी झाली! दर वेळी बोली बदलली, आणि हवामान किंवा विज्ञानाची गणिते करणारे प्रोग्राम नव्या बोलीत न्यावे लागले.

मग टिकले काय? ट्रान्सप्युटरसाठी ऑकम नावाची खास भाषा होती. तिच्यात त्या यंत्राला बांधून लिहिलेले काम त्या यंत्राबरोबरच मागे पडण्याचा धोका असतो. उलट फोर्ट्रान किंवा सी अशा सर्वमान्य भाषेत लिहिलेला मूळ मजकूर हाती असेल, तर तो नव्या प्रोसेसरच्या बोलीत पुन्हा उतरवता येतो. अनेक प्रोसेसरांनी एकमेकांना निरोप कसे पाठवावेत, याचाही एमपीआय नावाचा सामाईक नियम १९९४ साली ठरला, आणि हे स्थलांतर अधिक सोपे झाले.

तरीही एक खाचखळगा राहतोच. आपण उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितो, मराठी डावीकडून उजवीकडे. प्रोसेसरांतही असाच भेद आहे. मोठी संख्या चार कप्प्यांत ठेवायची झाली तर काही घराणी मोठ्या टोकाकडून सुरुवात करतात, तर काही लहान टोकाकडून. जुने स्पार्क पहिल्या प्रकारचे, इंटेल दुसऱ्या. स्पार्कवर जशाच्या तशा साठवलेल्या ‘१’ या संख्येची फाईल इंटेलवर सरळ वाचली तर ती १,६७,७७,२१६ अशी दिसेल! कोणी खोडसाळपणा केलेला नसतो, यंत्रही नादुरुस्त नसते. वाचण्याची दिशा तेवढी चुकलेली असते. विद्यार्थी मित्रांनो, शाळेच्या हिशेबात असा एक आकडा शिरला तर काय अनर्थ होईल, याची कल्पना तुम्हीच करा.

आता मूळ मजकूरच हाती नसेल तर? बाजारातून घेतलेल्या प्रोग्रामचा मूळ मजकूर आपल्याला मिळत नाही. अशा वेळी दुभाषा लागतो. अ‍ॅपल कंपनीने आपल्या मॅक संगणकांचे घराणे तीनदा बदलले: १९९४ साली मोटोरोलाच्या ६८००० कडून पॉवरपीसीकडे, २००६ साली इंटेलकडे आणि २०२० साली स्वतःच्या आर्म-जातीच्या प्रोसेसरकडे. इंटेलकडे वळताना तिने ‘रोझेटा’ नावाचा दुभाषा दिला, तो जुन्या आज्ञांचे नव्या बोलीत भाषांतर करी. परंतु २०११ साली तो काढून घेण्यात आला. २०२० च्या दुसऱ्या रोझेटाचाही निरोपसमारंभ कंपनीने २०२५ मध्ये जाहीर केला. तात्पर्य, दुभाषा उसना असतो. त्याच्या भरवशावर आज काम निभावते, जन्मभर नाही.

जुन्याची काळजी न घेणाऱ्या मोठ्यांनाही ठेच लागते. इंटेलने २००१ साली एचपी कंपनीच्या सहकार्याने आयटॅनियम हा अगदी नव्या घराण्याचा प्रोसेसर आणला. त्यावर जुने प्रोग्राम चालत, पण रखडत. २००३ साली प्रतिस्पर्धी एएमडीने जुनी बोली सांभाळून तिच्यातच ६४ बिटची भर घातली. लोकांनी कौल तिकडे दिला आणि खुद्द इंटेललाही तोच मार्ग पत्करावा लागला. आयटॅनियम २०२१ साली बंद झाला.

शाळा आणि दुकानांपुढचा प्रश्न याच्याशीच निगडित आहे. फॉक्सप्रोसारख्या साधनांनी केलेले डॉसचे कित्येक प्रोग्राम १६ बिटच्या काळातले. ते ६४ बिटच्या विंडोजवर चालत नाहीत. विंडोज ११ तर केवळ ६४ बिटचीच आहे. ३२ बिटची विंडोज १० ठेवून काम भागवणाऱ्यांचीही वाट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी अडली, कारण त्या दिवशी तिचा नियमित पाठिंबा संपला. जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारे डॉसबॉक्ससारखे प्रोग्राम आहेत, त्यांच्या आधाराने जुनी नोंदवही उघडता येते. पण ती उघडून आतला मजकूर बाहेर काढून ठेवण्यासाठी हा आधार वापरावा, तिथेच मुक्काम ठोकण्यासाठी नव्हे.

येथे मला आपल्या पूर्वसूरींची आठवण होते. नवव्या शतकात बगदादच्या बैतुल हिकमाशी संबंधित असलेले विद्वान मुहम्मद इब्न मूसा अल्-ख्वारिझ्मी यांनी हिंदी अंकांनी हिशेब कसा करावा यावर अरबीत ग्रंथ लिहिला. तो मूळ अरबी ग्रंथ आज उपलब्ध नाही. बाराव्या शतकातील लॅटिन रूपांतरांतून त्यातील विद्या युरोपात पोचली, आणि त्यांच्या नावावरूनच ‘अल्गोरिदम’ हा शब्द रूढ झाला. भारतातून अरबीत, अरबीतून लॅटिनमध्ये; लिपी बदलली, भाषा बदलली, वाचण्याची दिशासुद्धा बदलली, पण हिशेबाची रीत शाबूत राहिली, कारण ती स्पष्ट मांडलेली होती. संगणकाच्या बाबतीतही हेच सूत्र लागू आहे.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत.

पहिली पालकांना. लॅपटॉप घेण्यापूर्वी दुकानदाराला केवळ किंमत विचारू नका, प्रोसेसर इंटेल-एएमडी जातीचा की आर्म जातीचा, हेही विचारा. २०२४ पासून आर्मवर चालणारे विंडोज लॅपटॉप बाजारात अधिक दिसू लागले आहेत. त्यांची बॅटरी चांगली टिकते, पुष्कळसे जुने प्रोग्राम दुभाष्यामार्फत चालतात. परंतु प्रिंटर, स्कॅनर, बोटांचे ठसे घेणारे यंत्र यांना लागणारे ड्रायव्हर दुभाष्यामार्फत चालत नाहीत. ते आर्मसाठीच तयार केलेले असावे लागतात. कॉलेजने सांगितलेल्या प्रोग्रामची आणि घरातल्या यंत्रांची यादी घेऊनच दुकानात जा.

दुसरी विनंती संस्थाचालकांना. नोंदी एकाच प्रोग्रामच्या कुलपात ठेवू नका. दरवर्षी निकालानंतर दाखले, हजेरी व फीच्या नोंदी सीएसव्हीसारख्या साध्या रूपात काढून दोन ठिकाणी जपा. उर्दू आणि मराठी मजकूर युनिकोडमध्ये ठेवा. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून त्यात अलिफला १५७५ आणि ‘अ’ला २३०९ हा क्रमांक आहे, प्रोसेसर कोणताही येवो, तो क्रमांक बदलत नाही. इनपेजच्या जुन्या फायली आणि जुन्या मराठी फाँटमधली पत्रके, ती उघडणारे यंत्र चालू आहे तोवरच युनिकोडमध्ये आणून घ्या. एखाद्या विधवा आईला मुलीच्या शिष्यवृत्तीसाठी जुना दाखला हवा असतो, तेव्हा ‘प्रोग्राम उघडत नाही’ हे उत्तर आपल्या तोंडी शोभणार नाही.

तिसरी विनंती विद्यार्थ्यांना. कोणते बटण कुठे आहे एवढेच शिकवणाऱ्या वर्गाला फी भरून ते ज्ञान चार वर्षे पुरते. रीत शिका. गणित, तर्क, आणि निदान एक संगणकभाषा मुळापासून शिका. ऐरोली, रबाळे, महापे या आपल्या शेजारच्याच पट्ट्यात डेटा सेंटरे उभी आहेत. अशा केंद्रांच्या जगात २०१८ पासून अ‍ॅमेझॉनने स्वतःचे आर्म प्रोसेसर आणले, आणि जुने प्रोग्राम नव्या घराण्यात नेण्याचे काम जगभर चालू आहे. हे काम भाषांतरकाराचे आहे. त्याला दोन्ही बोली याव्या लागतात. दोन-तीन भाषांत वाढणाऱ्या आपल्या मुलामुलींना ते परके वाटू नये.

यंत्रे येतील आणि जातील. तुमच्या मुलाने कमावलेला इल्म आणि शाळेने जपलेली नोंद त्या यंत्रांपेक्षा जास्त टिकली पाहिजे, इतकी दक्षता आपण सर्वांनी घ्यावी. इन्शाअल्लाह, हे आपल्या आवाक्यातले काम आहे.