धोंडोबाची उधारी



 

हिंगोली जिल्ह्यातल्या आपल्या या व्यापारी मेळाव्याच्या कार्यक्रमपत्रिकेत अध्यक्ष म्हणून माझ्यापुढे विषय छापला आहे, ‘ऑनलाइन खरेदी आणि आपली दुकाने : एक आढावा’. आढावा थोडक्यात घेतो. २००७ साली फ्लिपकार्ट पुस्तके विकत निघाली. २०१३ च्या जूनमध्ये अॅमेझॉन भारतात आली. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले आणि इंटरनेट शेताच्या बांधावर पोचले. त्याच वर्षी नोव्हेंबरात नोटाबंदी, पुढच्या जुलैत जीएसटी. २०२० साली ऐन लग्नसराईत आपली शटरे खाली होती. परदेशी भांडवलाच्या ऑनलाइन बाजारपेठांवर केंद्राने १ फेब्रुवारी २०१९ पासून जी बंधने घातली, ती काटेकोर पाळली जावीत, या मागणीला माझा पाठिंबा आहे. हे सगळे तुम्ही भोगलेले आहे, मी नव्याने काय सांगणार?

मला जे बोलायचे आहे ते आठ वर्षे मनात आहे. आपल्या जवळजवळ प्रत्येक दुकानात एक पाटी आहे, ‘आज रोख, उद्या उधार’. माझे ठाम मत आहे की आपले गिऱ्हाईक या पाटीने घालवले. मोबाइलने नव्हे.

मी १९८१ साली आमच्या कापड दुकानाच्या गादीवर बसलो. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला तालुका होता. वडिलांनी पहिल्या दिवशी कापड मोजायला शिकवले नाही, वही वाचायला शिकवले. कोणाची हळद किती, कोणाचे कोरडवाहू, कोणाची लेक यंदा उजवायची, सगळे त्या वहीत. आपल्या भागातला पैसा महिन्याच्या पगाराचा नाही. अक्षय तृतीयेनंतर बेणे लागते, नऊ महिन्यांनी कंद निघतो, मग हळद शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची आणि तेव्हा कुठे ती वसमतच्या किंवा हिंगोलीच्या यार्डात जाते. पण लेक पंचमीला माहेरी येते ती श्रावणात. त्या दिवसांत सोयाबीन फुलोऱ्यात नि हळद अजून जमिनीत. तिला लुगडे कशावर घ्यायचे? आपल्या वहीवर. उधारीचा भाव रोखीपेक्षा थोडा चढा असे, हे मी लपवत नाही. पण व्याज नव्हते, कागद नव्हता, आणि पाऊस गेला तर हिशेब आपोआप पुढच्या हंगामावर जाई.

२०१७ साली आम्हा व्यापाऱ्यांच्या एका बैठकीत उधारी बंद करण्याचा ठराव झाला. मी हजर होतो. मनात नसताना मी हात वर केला आणि दुसऱ्या दिवशी पाटी लावली. पुढच्या श्रावणात औंढ्याकडचे एक शेतकरी आले. त्यांच्या वडिलांचे खाते माझ्या वडिलांच्या वहीत होते. त्यांनी दोन लुगडी बाजूला काढली, पाटी वाचली, लुगडी घडी करून जागेवर ठेवली आणि चहा न घेता गेले. नंतर त्यांचा मुलगा फाट्यावर पार्सल घ्यायला उभा दिसला. मी विचारले, “का रे, दुकान विसरलास?” तो म्हणाला, “काका, तिथंबी रोख अन् इथंबी रोख. मग तिथं शंभर रुपये कमी लागतात.” मला उत्तर देता आले नाही. आजही देता येत नाही.

सकाळच्या सत्रात बराच वाद झाला. काही म्हणाले, भाव पाडा. काही म्हणाले, व्हॉट्सअॅपवर साड्यांचे व्हिडिओ टाका. मी दोन्ही करून बसलो आहे. भावात आपण ऑनलाइन कंपन्यांना पुरे पडणार नाही, व्हिडिओ त्यांचे जास्त चांगले. राहिली बुडीत खाती. माझ्या वहीतही आहेत. पण जेवढे चाळीस वर्षांत बुडाले, त्याहून जास्त मी गेल्या पाच वर्षांत सेलच्या सवलतीत घालवले. त्यांच्याकडेही हप्ते आहेत, असे एक तरुण मित्र म्हणाले. आहेत, पण पहिला हप्ता पुढच्या महिन्यात मागतात. हळद पुढच्या महिन्यात येत नाही.

खरी अडचण वेगळी आहे, आणि ती मांडणाऱ्यांना मी मान देतो. लघुउद्योगाचा माल घेतला की फार तर ४५ दिवसांत पैसे चुकवावे लागतात. नाहीतर प्राप्तिकरात तो खर्च पैसे प्रत्यक्ष चुकवू त्याच वर्षी धरतात. वरून ४५ दिवस, खालून नऊ महिने. मधली फट एकट्याने भरणार नाही. आपण मिळून काही निधी, एखादी पतसंस्था उभारावी, असे मला वाटते. तपशील जाणकारांनी ठरवावेत.

संत नामदेवांची नरसी इथून जवळच आहे. नामदेव महाराज कापडाच्या धंद्यातल्या घरातले. दामाशेटींनी पोराला बाजारात कापड विकायला पाठवले. त्याने ते धोंड्यांना दिले आणि घरी सांगितले, धोंडोबाला उधार दिले आहे, जामीनही घेतला आहे. कीर्तनात आपण ही भक्तीची कथा म्हणून ऐकतो. मी कापडवाला म्हणूनही ऐकतो. साडेसातशे वर्षांपूर्वीच्या त्या पोराला बाजार म्हटला की उधारी, वायदा आणि जामीन हेच आठवत होते.

उद्याच्या ठरावांत चौथा ठराव संपूर्ण रोख व्यवहाराचा आहे. अध्यक्षाने मत देऊ नये असा संकेत आहे, तो मी मोडणार आहे. २०१७ साली जो हात वर केला होता, तोच उद्या विरोधात वर करीन. औंढ्याच्या त्या घरी मी गेल्या महिन्यात जाऊन आलो. म्हातारे आता नाहीत. मुलाने बसायला घोंगडी टाकली, चहा दिला. वही सोबत नेली होती, त्याच्या आजोबांचे पान दाखवले. तो बराच वेळ ते वाचत होता.