फुगलेले गुण आणि आपली मुले
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आजच्या आनंदाच्या प्रसंगी परीक्षेसारखा रुक्ष विषय मी का घेतला, असे काहीजणींना वाटेल. पण निकालाच्या दिवशी पेढे वाटणारे हात आपले असतात, आणि पुढे मुलाचे अडले म्हणजे रात्र जागून काढणारे डोळेही आपलेच असतात. तेव्हा हा विषय आपल्या घरचाच आहे.

प्रथम थोडे आकडे सांगते. आपल्या राज्य मंडळाचा दहावीचा निकाल २०१८ साली ८९.४१ टक्के लागला. २०१९ साली तो ७७.१० वर उतरला आणि २०२० साली एकदम ९५.३० झाला. शंभर टक्के गुण मिळविणारी मुले २०१९ मध्ये २० होती, ती एका वर्षात २४२ झाली. महाराष्ट्रातील मुले एका साली मठ्ठ झाली आणि दुसऱ्या साली बृहस्पती, असे का कुणी म्हणेल? बदलले होते ते माप. भाषांसारख्या विषयांतील शाळेच्या हातचे २० गुण २०१९ साली काढून घेतले होते. इतर बोर्डांची मुले अकरावीच्या प्रवेशात पुढे जातील अशी ओरड झाली, तेव्हा ते परत दिले. शिवाय २०२० साली साथीमुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला व त्याचे गुण सरासरीने मिळाले.

२०२१ साली तर परीक्षाच झाली नाही. नववीच्या निकालावरून ५०, दहावीच्या शाळेतील लेखी कामाचे ३० आणि तोंडी-प्रात्यक्षिकांचे २० असे गुण धरले. निकाल लागला ९९.९५ टक्के! संकटच तसे होते. मुलांना मी मुळीच दोष देत नाही. पण सगळेच वर चढल्यावर अकरावीला कोणाला कोठे घ्यावे, हा पेच पडला. त्यासाठी ठरविलेली प्रवेश परीक्षा १० ऑगस्ट २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली आणि त्याच गुणांवर प्रवेश द्यावे लागले.

कुणी म्हणेल, चार गुण जास्त मिळाले तर बिघडले कुठे? नापासाच्या शिक्क्याने मुले खचतात, हे खरेच आहे. परंतु दुधात पाणी घातले म्हणजे भांडे भरते, मुलाच्या अंगी मात्र दूध होते तेवढेच लागते. आमच्या शेजारच्या एका मुलीला दहावीत ९१ टक्के मिळाले. अकरावीच्या पहिल्या चाचणीत गणितात ५० पैकी ११ पडले. ती आईला विचारू लागली, "मग आधीचे गुण खोटे होते का ग?" त्या माउलीला उत्तर देता येईना.

खरे नुकसान होते ते गरिबाच्या मुलाचे. बारावीनंतर डॉक्टरकीची नीट आणि इंजिनिअरिंगची सीईटी उभीच आहे. ज्यांच्या घरी पैसा आहे ते महागड्या शिकवणीत मुलाची कच्ची बाजू आधीच हेरून घेतात. ज्यांच्याकडे तो नाही, त्यांना सावध करणारी शाळेची परीक्षाच काय ती एक. तिनेही खोटी शाबासकी दिली, तर त्या मुलाने विश्वास कोणावर ठेवावा?

गुण देण्याची रीत सरकार ठरवील. आपल्या हाती घर आहे. टक्केवारी विचारण्याआधी वही पाहा. वर्तमानपत्रातील एक परिच्छेद मुलाकडून वाचून घ्या आणि त्याचा अर्थ त्याच्या शब्दांत ऐका. शाळेच्या पालकसभेत जाऊन, हातचे २० गुण कोणत्या कामावर दिले, हे बाईंना नम्रपणे विचारा. आणि गुण कमी पडले तर मुलाला शेजाऱ्यांच्या देखत बोल लावू नका, नाही तर खरे सांगण्याची त्याची हिंमतच जाईल.

मंडळाला माझी एक विनंती आहे. आपली खोली शनिवारी दुपारी रिकामी असते. आपल्यापैकी शिकलेल्या चौघीजणींनी तेथे दोन तास बसून आळीतील आठवी-नववीच्या मुलांचे वाचन आणि गणित पाहावे. पुढील वर्धापनदिनी त्या मुलांना काय येऊ लागले, ते त्यांच्याच तोंडून आपण ऐकू या.