काचपेटीपाशी बसलेले आईबाप

अपुऱ्या दिवसांचे किंवा आजारी मूल जन्मताच अतिदक्षता विभागात नेले जाते, तेव्हा दाराच्या आत डॉक्टरांना आणि परिचारिकांना क्षणाची उसंत नसते. दाराबाहेरच्या आईबापांना मात्र करावयास काहीच नसते. त्यांच्या मनस्तापाचे मूळ पुष्कळसे ह्या रिकामपणात आहे. हुबळीचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय १९५७ साली स्थापन झाले. त्याच्या विद्यानगरातील रुग्णालयाकडे धारवाडप्रमाणेच गदग, हावेरी, कोप्पळकडूनही रोगी येतात. घर दूर, गाव परके आणि मूल काचेपलीकडे, अशी त्यांतल्या कित्येकांची अवस्था असते.

कानडी घरातली ‘बाणंती’ काय आणि मराठी घरातली ‘बाळंतीण’ काय, दोघींच्याही कानांना फडके बांधलेले असते, दोघींनाही वाऱ्यापासून जपतात. शेकशेगडी, डिंकाचे लाडू, पाचवीची पूजा हे सारे ज्याच्यासाठी, तेच जवळ नाही. त्यात कोणी वडीलधारी विचारते, “ग्रहणात काही चिरलेस का ग?” अकाली प्रसूतीस रक्तदाब, जंतुसंसर्ग, जुळे अशी कारणे असतात, पुष्कळदा तर कारण सापडतही नाही. ग्रहणाचा त्याच्याशी काही संबंध नाही, हे डॉक्टरांनी त्या आईला सांगावेच, पण सासूच्या देखत सांगावे. एरवी ते औषध लागू पडत नाही.

मात्र नुसत्या धीराच्या शब्दांनी भागत नाही. आईबापांच्या हाती काम द्यावे लागते. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस ह्यांनी आयांनाच बाळांच्या शुश्रूषेत सामील करून घेतले आणि १९८९ साली तेथेच आशियातील पहिली मातृदुग्धपेढी उघडली. त्याआधी, १९७८ च्या सुमारास, कोलंबियातील बोगोटा येथे काचपेट्या पुरेनात, म्हणून डॉ. एडगर रे ह्यांनी कमी वजनाची बाळे आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवली. कांगारूमाता म्हणतात ती हीच पद्धत. ती केवळ गरिबांची तडजोड नव्हे. भारतासह पाच देशांत ३,२११ बाळांवर जागतिक आरोग्य संघटनेने केलेला अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. बाळ स्थिरावण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच आईच्या छातीशी दिलेल्या बाळांत अठ्ठावीस दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण शेकडा १२ होते. रूढ पद्धतीच्या गटात ते १५.७ होते. हुबळीच्या पूर्वेकडील कोप्पळ जिल्ह्यातही ह्या पद्धतीच्या प्रसाराचे काम झाले आहे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या मार्गदर्शिकेनुसार आईबापांना शिकवून विभागात घ्यावयाचे असते.

शिक्षणाचा पहिला धडा हात धुण्याचा. कोपरापर्यंत धुवावयाचे तर बांगड्या उतरवाव्या लागतात, आणि हिरवा चुडा उतरवताना बाळंतीण बिचकते. येथे नियमावर बोट ठेवण्यापेक्षा परिचारिकेने दोन वाक्ये बोललेली बरी. दर दोन-तीन तासांनी पिळून काढलेले चमचाभर दूध नळीवाटे बाळाच्या पोटात जाते, तेव्हा आईला आपण उपयोगी आहोत असे प्रथमच वाटते. यंत्र वाजले की तिचा जीव उडतो. पुष्कळदा पावलाला बांधलेली पट्टी सरकलेली असते, एवढेच. पहिल्या आठवड्यात वजन थोडे उतरते, तेही स्वाभाविक असते. ही माहिती आधी दिली, तर एक रात्र तरी झोपेची जाते.

सर्वच बाळे वाचत नाहीत. हे लपवू नये. पण जे जाते, त्यालाही आईने एकदा उराशी धरलेले असावे. ती आठवण तिच्याकडून कोणी हिरावू नये.

बापाकडे सहसा कोणी पाहतच नाही. औषधाची चिठ्ठी, रक्ताची बाटली, पैशांची जुळवाजुळव ह्यांत त्याचा दिवस जातो. सरकारी रुग्णालयात आजारी नवजाताचे उपचार, औषधे आणि ने-आण विनामूल्य असल्याची तरतूद २०११ च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात आहे. ती त्याला पहिल्याच दिवशी कळली पाहिजे. आई शस्त्रक्रियेनंतर उठू शकत नसेल, तर बाळाला छातीशी घेण्याचे काम त्याचेच. सदरा काढून खुर्चीत रेलावे, बाळाला उभे धरावे, वरून पांघरूण घ्यावे. बारावा दिवस त्या खुर्चीतच उजाडला, तर बारशाचे नावही बाळाच्या कानात त्यानेच सांगावे. आत्याचा मान मागाहून, घरी.