वर काय टाकू?

मागच्या वेळी मी गटाची कर्जखतावणी कशी लिहायची ते सांगितलं, तर दोघीतिघींचा निरोप आला, "ताई, पुढच्या वेळेला जरा तोंडाला चव येईल असं बोला." म्हणून आज पिझ्झा.

हसू नका. पिझ्झा ही आता नाशिकला जाऊन खायची वस्तू राहिलेली नाही. 1996 साली मोठ्या परदेशी कंपन्यांनी दिल्ली आणि बंगळूरला आपली पहिली दुकानं उघडली. नंतर कधीतरी तो कॉलेज रोडला आला आणि तिथून आपल्या दिंडोरीपर्यंत. आता ज्या गाडीवर सँडविच मिळतं, तिच्याच पाटीवर खाली पिझ्झा लिहिलेला असतो. मोठा तवा, त्यावर झाकण, बाजूला तयार बेसची पाकिटं, आणि स्टीलच्या डब्यांत चिरलेला कांदा, ढोबळी मिरची, टोमॅटो, मक्याचे दाणे. चारपाच टेबलं टाकून कॅफे काढलेलीही पोरं आहेत. चव कॉलेज रोडसारखी नसते, हे खरं. पण तव्यावर खालून करपलेल्या बेसची एक वेगळी गंमत असते, मला तर तीच आवडते.

या गाडीवरचा पोरगा एक प्रश्न विचारतो, "वर काय टाकू?" मला आज त्या प्रश्नाबद्दल बोलायचंय.

झालं असं की आमच्या एका गटाने ठरवलं, गावच्या यात्रेत यंदा पापड-कुरडयांचा स्टॉल नको, पिझ्झ्याचा लावू. आधी करून बघायला हवा म्हणून सगळं सामान आणलं आणि एकीच्या पडवीत शेगडी मांडली. गटात अकरा जणी. मी म्हटलं, प्रत्येकीने आपल्या आवडीचं सांगायचं, तसा तिच्यापुरता छोटा पिझ्झा करू.

पहिली म्हणाली, "सगळ्यांचं होईल तेच द्या." दुसरी म्हणाली, "आमच्या पोराला मका आवडतो." मी विचारलं, "आणि तुम्हाला?" तर म्हणे, "मला काहीबी चालतं." तिसरी म्हणाली, "आमच्या ह्यांना चीज नाही चालत." अहो, पण ते इथे नाहीत! अकराजणींपैकी सातजणींनी दुसऱ्या कुणाचीतरी आवड सांगितली. मुलाची, नवऱ्याची, एकीने तर जावेची. आणि ह्या बायका काही बुजऱ्या नाहीत बरं का. बँकेत साहेबाशी वाद घालून आलेल्या आहेत.

मी गप्प बसले. बैठकीत कर्जाची मागणी विचारतानाही मी असंच करते, कारण पहिलं उत्तर बहुतेक वेळा घरच्यांचं असतं.

मग आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर आक्का बोलल्या. साठी कधीच ओलांडलीय. जन्मभर दुसऱ्याच्या रानात टोमॅटोची बांधणी केली, तोडे केले. त्या म्हणाल्या, "मला टोमॅटो नको. त्याचा वास हातात बसलाय. मला नुसता कांदा घाल, आन् जरा करपू दे."

सगळ्या हसल्या आणि मग जी सुरुवात झाली! एकीला लसणाची चटणी हवी. एकीला चीज थोडं पण मिरची दोन. एकीला पापडासारखा कडक. एक म्हणाली मैदा नको, नागलीच्या भाकरीवर करा. करून बघितला. भाकर कडेने फुटते, पण चव छान लागते. त्याला पिझ्झा म्हणायचं का, यावर अजून वाद आहे. सगळ्यात धाकटीने काळी द्राक्षं चिरून टाकली. बाकीच्यांनी नाकं मुरडली, पण मी सांगते, वाईट नव्हतं. कॅनडात 1962 साली एका हॉटेलवाल्याने पिझ्झ्यावर अननस टाकला, त्यावरून जग अजून भांडतंय. मग आपण द्राक्षाच्या तालुक्यातल्या बायकांनी द्राक्षं टाकली तर कुणाचं काय गेलं?

आता आक्कांच्या त्या टोमॅटोकडे जरा परत जाऊ. पिझ्झ्यावर जे पडतं, त्यातलं कितीतरी आपल्याच शिवारातलं असतं. ढोबळी मिरची आपल्या पॉलिहाऊसमधली. टोमॅटो तर आपलाच, पिंपळगावच्या बाजारात क्रेटने जातो. मोहाडीला सह्याद्री फार्म्स या शेतकऱ्यांच्या कंपनीत त्यावर प्रक्रियाही होते. 2023 साल आठवतंय ना? जुलैत वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या आसपास भाव गेला होता. टोमॅटो इतका महाग, की उत्तर आणि पूर्व भारतातल्या मॅकडोनाल्ड्सने बर्गरमधून तो काढूनच टाकला. आणि सप्टेंबरात तोच टोमॅटो मातीमोल. तोडणीची मजुरीही निघेना.

आम्ही स्टॉलचा हिशोब मांडला तेव्हा मला हे कागदावर दिसलं. एका पिझ्झ्याला एक मध्यम टोमॅटो धरा, शंभर ग्रॅमचा. शेतकऱ्याला किलोला पाच रुपये मिळत असतील, तर त्या टोमॅटोचा अर्धा रुपया झाला. ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यात पिझ्झा बांधून देतात, ते खोकं त्याच्या कितीतरी पट महाग. बांधणी करणाऱ्या बाईची मजुरी त्या अर्ध्या रुपयातूनच निघायची असते. आक्कांना टोमॅटो का नको, ते त्या वासापलीकडेही असेल. मी विचारलं नाही.

सगळ्यात मोठा खर्च चीजचा. इथे एक गोष्ट नीट ऐका, मग तुम्ही विकणाऱ्या असा नाहीतर खाणाऱ्या. बाजारात चीजसारखा दिसणारा, स्वस्त माल मिळतो. त्यात दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल असतं. त्याला अॅनालॉग म्हणतात. तो विकायला बंदी नाही, पण कायद्याने त्याला चीज म्हणता येत नाही, पाकिटावर तसं लिहावं लागतं. तेव्हा पाकीट उलटं करून घटक वाचा. दूध पहिलं आहे की तेल, ते बघा. अक्षरं बारीक असतात, चष्मा लावा. आमच्या गटात यावर दोन बैठका गेल्या. तेलाचं वापरलं तर नफा सरळ वाढतो. शेवटी एकीने विचारलं, "आपल्या पोरांना कोणतं देऊ?" मग दुधाचंच ठरलं आणि पिझ्झा दहा रुपयांनी महाग ठेवला.

खरं मोझरेला लांब तार सुटतं ते यासाठी, की त्याचा गोळा गरम पाण्यात घालून ताणत ताणत बनवतात. आणि इटलीत जुन्या पद्धतीचं मोझरेला कशाच्या दुधाचं असतं, माहितीये? म्हशीच्या! हे सांगितलं तेव्हा म्हशीवाल्या ताईंची मान जरा ताठ झाली. पिझ्झा मुळात इटलीतल्या नेपल्स शहरातल्या गरिबांचं खाणं. तिथल्या साध्यातल्या साध्या मार्गारिटा पिझ्झ्यावर टोमॅटो, मोझरेला आणि बेसिलची पानं एवढंच असतं. बेसिल म्हणजे आपला सब्जा, ज्याचं बी उन्हाळ्यात सरबतात टाकतो. ओरेगॅनोच्या पुड्या विकत आणायच्या नसतील तर दारातल्या ओव्याची पानं सुकवून चुरडा, वास बराच जवळचा येतो. हातांनी पिझ्झा बनवण्याच्या नेपल्सच्या कलेला 2017 मध्ये युनेस्कोने वारशाचा मान दिला. खापरावर मांडे करणाऱ्या आपल्या खानदेशातल्या बायका हे ऐकून काय म्हणतील कोण जाणे.

माझं विचाराल तर मला भरपूर कांदा, हिरवी मिरची आणि बेसवर सॉसऐवजी ठेचा. मका अजिबात नको. मक्याने पिझ्झा गोड होतो आणि दाणे खाली सांडतात. माझ्या घरी दोन मुलं मक्याची आहेत, त्यामुळे आमच्याकडे अर्धा-अर्धा होतो. गाडीवर अर्धा-अर्धा करून देतात, जादा पैसे न घेता. फक्त सांगावं लागतं.

आता कुणी म्हणेल, पिझ्झ्यावर काय टाकायचं ही काय मोठी गोष्ट. एकीने कांदा मागितला म्हणून दुसऱ्या दिवशी तिचं घर बदलत नाही. जिने लसणाची चटणी मागितली, तिनेच पुढच्या बैठकीत नवऱ्याच्या मोटारसायकलच्या हप्त्यासाठी स्वतःच्या नावावर कर्ज मागितलं. प्रयोजनाच्या रकान्यात मात्र शेळीपालन. मी तिला विचारलं, "हे तुम्हाला हवंय का?" तिने खाली बघितलं. दुसऱ्या जणी बोलल्या, मी बोलले नाही. अर्ज एक महिना पुढे ढकलला आहे. काय होईल सांगता येत नाही. पण प्रश्न तोच आहे ना? वर काय टाकू, हे शंभर रुपयांच्या वस्तूबद्दल सांगायची सवय नसेल, तर तीस हजारांबद्दल एकदम कुठून सांगणार?

यात्रेत स्टॉल लागला. अन्नपदार्थ विकायची नोंदणी आधीच करून घेतली होती, तुम्हीही करा, नाहीतर ऐनवेळी धावपळ होते. पहिल्या दिवशी बेस कमी पडले, दुसऱ्या दिवशी उरले. नफा फार नाही, पण तोटा नाही. गटाने एक नियम केला होता, घरचे सगळे मिळून आले तर आधी आईला विचारायचं. पोरं पुढे घुसायची, "चीज-कॉर्न, चीज-कॉर्न," आणि आमच्या ताई त्यांच्या डोक्यावरून मागे बघून विचारायच्या, "काकू, तुमच्यावर काय टाकू?" बऱ्याच जणी दचकायच्या. काही जणी मुलांकडे बोट दाखवायच्या.

संध्याकाळी गर्दीत एक आजी आल्या, मुलगा-सून बरोबर. आजींनी सगळे डबे नीट बघितले. हे काय, ते काय, विचारलं. मागे रांग वाढली. मुलगा म्हणाला, "आई, सांग ना लवकर." आजी म्हणाल्या, "थांब की. मला विचारलंय."

त्यांनी कांदा आणि ठेचा घेतला. चीज अर्धं.