घरच्या टेलिफोनची वीज

दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, तिपाईवर, विणलेल्या रुमालाखाली बसलेला काळा टेलिफोन ज्यांनी वापरला आहे, त्यांना त्याचा एक गुण आठवत असेल. गावातील दिवे गेले, पंखा थांबला, तरी रिसीव्हर कानाला लावताच तो गुणगुणू लागे. याचे कारण असे की, त्याला लागणारी वीज घरातून येतच नसे. दूरध्वनी केंद्रातील बॅटऱ्यांमधून, सुमारे ४८ व्होल्टच्या दाबाने, बोलणे वाहून नेणाऱ्या त्याच तांब्याच्या दोन तारांमधून ती घरापर्यंत पोहोचे. तारेवर झाडाची फांदी पडली, तर मात्र हेच यंत्र आठवडेच्या आठवडे मुके होऊन बसे, हेही सांगितले पाहिजे.

अशा फोनसाठी अर्ज करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, आणि तोवर शेजाऱ्याचा क्रमांक ‘पी.पी.’ ही दोन अक्षरे जोडून लोक स्वतःच्या कार्डावर छापून घेत. दिनांक ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्ता आणि दिल्ली यांच्या दरम्यान देशातील पहिले मोबाईल संभाषण झाले आणि हळूहळू ही प्रतीक्षा संपली. आता तांब्याच्या जागी काचेचा तंतू येत आहे. आवाज स्वच्छ येतो, आणि जोडीला इंटरनेटही मिळते. परंतु काचेतून प्रकाश जातो, वीज जात नाही. भिंतीवर बसविलेल्या पेटीला घरचीच वीज लागते; ती गेली की फोनही गेला.

ब्रिटनमध्ये हा प्रश्न केवळ सोयीचा राहिला नाही. तेथे जुनी तारयंत्रणा जानेवारी २०२७ पर्यंत बंद करावयाचे ठरले. एकटे राहणाऱ्या अनेक वृद्धांच्या गळ्यात तेथे एक कळ असते. माणूस घरात पडला, की ती दाबावयाची, म्हणजे फोनच्या तारेवरून मदतकेंद्रास हाक जाते. नव्या यंत्रणेवर नेल्यानंतर यांतील काही उपकरणे ऐन वेळी चालली नाहीत. गंभीर प्रसंग घडले, तेव्हा कोठे डिसेंबर २०२३ मध्ये मोठ्या कंपन्यांनी ग्राहकांच्या संमतीवाचून चाललेला हा बदल थांबविला. ज्यांना दुसरा आधार नाही, त्यांना वीज गेल्यावर किमान एक तास तरी आपत्कालीन सेवेशी बोलता यावे, अशी तेथील नियामक संस्थेची अपेक्षा आहे. एक तास! वादळी रात्र एका तासात सरत नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाने गोव्यात झाडे आणि विजेचे खांब आडवे केले, तेव्हा कित्येक घरे दिवसचे दिवस अंधारात होती.

मग घरात कोणता फोन ठेवावा? मोबाईलची बॅटरी त्याच्याबरोबर असते; पण मनोऱ्याच्या बॅटऱ्याही केव्हातरी संपतात, आणि जांभ्या दगडाच्या जाड भिंतींच्या आत त्याची लहर अनेकदा दुबळी होते. अशा घरी वायफायवरून बोलण्याची सोय उपयोगी पडते, मात्र ती पुन्हा त्याच पेटीवर अवलंबून! व्हॉट्सॲपने परदेशातील लेकीशी खुशाल बोलावे. ११२ क्रमांकाला त्यावरून हाक घालता येत नाही. मोठ्या कळांचा, आत सिमकार्ड आणि बॅटरी असलेला, दिसावयास जुन्या फोनसारखाच एक फोन मिळतो. वृद्धांच्या हाताला तो सरावाचा वाटतो. घरच्या जुन्या क्रमांकाचा मोह असलेल्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, आपल्याकडे तो क्रमांक मोबाईलवर नेता येत नाही.

तंतूचाच फोन घेतला, तर पेटीसाठी १२ व्होल्टचे लहानसे बॅटरीयंत्र सोबत घ्यावे. मोबाईलच्या मानाने ते स्वस्त असते, आणि काही तास तरी निभावून नेते. फोन बसविणारा कारागीर निघण्यापूर्वी, त्याच्यासमोरच, घरातील मुख्य खटका खाली ओढावा आणि रिसीव्हर कानाला लावून पाहावा.