बोट सुटण्यापूर्वीची ओळख



समुद्रपर्यटन ही गोष्ट आपल्या मध्यम स्थितींतील कुटुंबांना आतां पूर्वीइतकी दूरची राहिलेली नाहीं. २०१८ च्या ऑक्टोबरांत 'आंग्रिया' ही बोट मुंबईहून गोव्यास जाऊं लागली. ती पुढें बंद पडली. परंतु २०२१ च्या सप्टेंबरांत कॉर्डेलिया कंपनीच्या 'एम्प्रेस' ह्या मोठ्या बोटीच्या सफरी मुंबईहून सुरू झाल्या. बोरिवली, अंधेरी, घाटकोपर, मुलुंड ह्या उपनगरांतील, ज्यांनीं भाऊचा धक्कादेखील नीट पाहिलेला नाहीं अशीं माणसें, निवृत्तीचे पैसे हातीं आल्यावर किंवा मुलामुलींच्या आग्रहास्तव तीन-चार दिवसांची सफर करून येऊं लागलीं. ह्या सफरींबरोबर एक नवा प्रघातहि आला आहे. बोट सुटण्याच्या महिनाभर आधीं कोणी उत्साही गृहस्थ सहप्रवाशांचा व्हॉट्सअ‍ॅपवर एक ग्रूप काढतात, आणि ज्यांनीं एकमेकांचें तोंडहि पाहिलेलें नाहीं अशीं साठ-सत्तर माणसें एकमेकांशीं बोलूं लागतात. ह्या बोलण्याला कांहीं रीतभात असावी कीं नाहीं, आणि असावी तर ती कोणती, ह्याविषयीं मी आज आपल्याशीं चार शब्द बोलणार आहें.

हा प्रघात वाईट आहे असें मीं मुळींच म्हणत नाहीं. मुलुंडहून बॅलार्ड पिअरपर्यंत सामान घेऊन एकट्यानें टॅक्सी करण्यापेक्षां दोन कुटुंबांनीं मिळून केली तर पैसे वांचतात. कोणाच्या आईला चाकाची खुर्ची लागते, ती बोटीवर चढतांना मिळते कीं नाहीं, हें पूर्वीं जाऊन आलेला माणूस एका ओळींत सांगतो. कांदालसूण वर्ज्य असणाऱ्या घाटकोपरच्या मंडळींना जेवणाची चिंता असते, तीहि येथें मिटते. ज्यांना बोट लागते त्यांनीं औषध कधीं घ्यावें, गरम कपडे न्यावेत कीं नाहीं, असे शेंकडों प्रश्न सुटतात. हा सर्व व्यवहार चांगलाच आहे. अडचण येते ती पुढें.

ओळख ही आपल्याकडे पूर्वीं कशी होत असे, हें क्षणभर आठवून पाहावें. माझ्या लहानपणीं मुंबईहून कोंकणांत व गोव्याकडे जाणाऱ्या 'कोंकणसेवक' आणि 'कोंकणशक्ति' अशा बोटी होत्या. डेकवर वळकटी पसरली, कीं शेजारच्या वळकटीवरचे गृहस्थ विचारीत, "कुठले आपण?" मग गांव, आडनांव, किती भाऊ, मुंबईंत कोणत्या चाळींत, पगार काय, येथपर्यंत सारी उलटतपासणी होई. तेव्हां आपले लोक फार संकोची होते आणि आज ते चौकस झाले, असें कोणी म्हणत असेल तर तें खरें नव्हे. चौकसपणा हा आपल्या स्वभावांतच आहे. परंतु त्या चौकशीला तीन मर्यादा आपोआप पडत. एक तर विचारणारा समोर बसलेला असे; त्याचा चेहरा, त्याची मुद्रा, त्याचीं मुलेंबाळें आपण पाहात असूं, आणि त्यावरून किती सांगावें हें ठरवीत असूं. दुसरें म्हणजे, त्यानें एक विचारलें तर त्यालाहि एक सांगावें लागे. आणि तिसरें, जें बोललें जाई तें वाऱ्यावर जाई. देवगडच्या बंदरांत गृहस्थ उतरले, कीं आपल्या पगाराचा आंकडा त्यांच्याबरोबर उतरे आणि बहुधा आठ दिवसांत त्यांच्या विस्मरणांत जाई.

आगगाडीची गोष्टहि अशीच. मी मुलुंडहून दादरच्या शाळेंत पुष्कळ वर्षें लोकलनें जात असें. घाटकोपरला एक गृहस्थ चढत. आम्ही त्यांना चौथी सीट सरकून देत असूं. पहिलीं दोन वर्षें आमची ओळख मान हलविण्यापुरती होती. पुढें वर्तमानपत्राची घडी वांटून घेण्याइतकी झाली. मग त्यांच्या मुलीच्या परीक्षा, त्यांची रक्तांतील साखर, हें सारें कळूं लागलें. परंतु त्यांचा पत्ता आम्हांला ठाऊक झाला तो तेरा वर्षांनीं, मुलीच्या लग्नाची पत्रिका हातीं पडली तेव्हां. पत्ता ही गोष्ट ओळखीच्या शेवटीं यायची, असा तो क्रम होता, आणि तो कोणी शिकविलेला नव्हता.

व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रूपमध्यें हा क्रम नेमका उलटा होतो. माणूस दिसण्याच्या आधीं त्याचा दूरध्वनिक्रमांक सर्वांच्या हातीं पडतो. आणि हा क्रमांक म्हणजे नुसते दहा आंकडे नव्हेत. पैसे पाठविण्याच्या कोणत्याहि यूपीआय व्यवस्थेंत तो घातला, तर पुष्कळदां बँकेंत नोंदलेलें पूर्ण नांव समोर येतें. त्याच्याशीं आपलें छायाचित्र जोडलेलें असतें. कित्येकांनीं नातवंडांचें लावलेलें असतें. बोटीवरच्या गृहस्थाला आपलें आडनांव मिळवायला अर्धा तास गप्पा माराव्या लागत. येथें तें एकहि शब्द न बोलतां मिळतें.

माझ्या माहितींतील एक बाई आहेत. नांव सांगण्याचें कारण नाहीं. पति वारल्यानंतर तीन वर्षांनीं त्या प्रथमच एकट्या प्रवासास निघाल्या. त्याच सफरीस मी व माझी पत्नी जाणार होतों. ग्रूपमध्यें प्रत्येकानें आपली ओळख करून द्यावी असें ठरलें, तेव्हां त्यांनीं सरळपणें लिहिलें कीं, "मी घाटकोपरची, एकटीच येत आहें, शाकाहारी आहें." बस्स, इतकेंच. दुसऱ्या दिवसापासून एक गृहस्थ त्यांना रोज सकाळीं फुलांचीं चित्रें पाठवूं लागले. दुसऱ्या एकानें, यजमान कशानें गेले, मुलगा सांभाळतो कीं नाहीं, अशी खासगीत चौकशी केली. तिसऱ्या एका बाईंनीं, "ह्या वयांतहि सोबत मिळते," असें लिहून एका वधूवरसूचक केंद्राचा पत्ता पाठविला. ह्यांपैकीं कोणीहि दुष्ट नव्हतें. मीं त्यांना पुढें बोटीवर पाहिलें, चांगलीं माणसें होतीं तीं. परंतु चौथ्या दिवशीं त्या बाई ग्रूपमधून निघून गेल्या. पुढें असें झालें, कीं बोटीवर हजर होण्याची वेळ दोन तास अलीकडे आली आणि ती बातमी ग्रूपमध्यें सर्वत्र झाली. त्या बाईंना ती कोणी वेगळी कळविली नाहीं. शेवटचे प्रवासी आंत जात असतांना त्या धापा टाकीत, सामान ओढीत धक्क्यावर आल्या. बोट चुकली असती तर साठवलेले पैसे गेलेच असते, आणि त्याहून वाईट म्हणजे, एकट्या बाईनें प्रवासाला निघूंच नये असें म्हणायला चार नातेवाईकांना निमित्त मिळालें असतें.

म्हणून माझें पहिलें सांगणें असें, कीं ग्रूपमध्यें जें विचारावयाचें तें सर्वांसमक्ष विचारावें. कोणाला वेगळें लिहावयाचें असेल तर आधीं सर्वांदेखत परवानगी घ्यावी: "टॅक्सीविषयीं आपणांस स्वतंत्र लिहिलें तर चालेल का?" पुरुषानें अपरिचित स्त्रीला लिहितांना तर हें अवश्य करावें. उत्तर आलें नाहीं, तर तेंच उत्तर समजावें. पुन्हां आठवण देऊं नये. कोणी ग्रूप सोडला तर "कां हो गेलात?" म्हणून पाठलाग करूं नये. मात्र वेळेंतला बदल, कागदपत्रांची सूचना, असें जें सर्वांच्या कामाचें, तें सोडून गेलेल्यांनाहि पोंचविणें हें ग्रूप काढणाऱ्याचें काम आहे. ज्यानें माणसें गोळा केलीं त्याच्यावर तेवढी जबाबदारी येतेच. माणसांना ग्रूपमध्यें घेण्यापूर्वीं विचारावें, हेंहि त्याचेंच काम. आपणांस कोणीं ग्रूपमध्यें घ्यावें हें ठरविण्याची सोय व्हॉट्सअ‍ॅपनें २०१९ सालींच करून दिली आहे, परंतु माझ्या वयाच्या किती मंडळींनीं ती लावून घेतली असेल कोण जाणे! नातवंडांकडून ती लावून घ्यावी. तीं ह्या बाबतींत आपले गुरुजी आहेत.

आतां स्वतःविषयीं किती सांगावें? नांव, उपनगर, बरोबर किती माणसें, आणि आवडीनिवडी, एवढें पुरें. इमारतीचें नांव नको. आणि "आम्ही सगळेच जातों आहोंत, घर चार दिवस बंद" हें तर कदापि लिहूं नये. पूर्वीं गांवाला जातांना आपण किल्ली शेजारच्या वहिनींकडे देत असूं, दूधवाल्याला सांगत असूं. त्या दोघांपलीकडे तें कोणाला ठाऊक नसे. आज तीच गोष्ट आपण सत्तर अनोळखी माणसांना लिहून देतों, आणि ते सत्तर ती कोणाला दाखवितात हें आपल्याला कळायला मार्ग नाहीं. शिवाय आपण असें लिहितों तेव्हां तें केवळ आपल्यापुरतें नसतें. सुनेचें बाळंतपण, भावाचा कर्करोग, मुलाचा अमेरिकेंतील पगार, हीं त्यांचीं गुपितें आहेत. आपण त्यांचे मालक नाहीं. मला ह्या सबंध विषयांत हाच भाग सर्वांत नाजूक वाटतो. स्वतःचें दार आपण उघडें टाकलें तर तो आपला प्रश्न. परंतु एका घरांत चार माणसें राहातात.

कागदपत्रांच्या बाबतींत मात्र नाजूकपणा नको, कडकपणाच हवा. तिकिटाचें छायाचित्र आनंदाच्या भरांत ग्रूपवर टाकण्याची फार हौस असते. त्यावर आरक्षणाचा क्रमांक असतो. पारपत्राच्या शेवटच्या पानावर आईवडिलांचीं नांवें, जोडीदाराचें नांव आणि घरचा पत्ता छापलेला आपण पाहिला असेल. "सगळ्यांनीं आपापलीं आधारपत्रें येथें टाका, मी एकदम भरून देतों," असें कोणी परोपकारी गृहस्थ म्हणाले, तर त्यांचे आभार मानावेत आणि आधारपत्र टाकूं नये. तें कंपनीला, तिनें नेमून दिलेल्या रीतीनेंच पाठवावें. नुसती ओळख पटविण्यापुरतें हवें असेल, तर ज्यांत क्रमांकाचे शेवटचे चारच आंकडे दिसतात असें झाकलेलें आधारपत्रहि मिळतें. ज्याला बोटीचें नांव, आपली तारीख आणि खोलीचा क्रमांक ठाऊक आहे असा भामटा, "आपणांस वरच्या मजल्यावरची खोली मिळाली आहे, एवढे पैसे भरा," असें बोलूं लागला म्हणजे चांगले शहाणे लोक फसतात. असें घडलेंच, तर वेळ न दवडतां १९३० ह्या क्रमांकावर कळवावें.

कोणी म्हणेल, ह्यासाठीं कायदा नाहीं का? आहे, परंतु तो येथवर पोंचत नाहीं. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं, खासगीपणा हा घटनेनें दिलेला मूलभूत हक्क आहे, असा एकमुखी निर्णय दिला. तो दावा लावणारे निवृत्त न्यायमूर्ति पुट्टस्वामी तेव्हां नव्वदी ओलांडलेले होते. आम्हां म्हाताऱ्यांना ह्या गोष्टींतलें कांहीं कळत नाहीं असें म्हणणाऱ्या तरुणांनीं हें ध्यानांत ठेवावें. त्यानंतर २०२३ सालीं व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा झाला. परंतु माणसानें स्वतःच्या किंवा घरगुती कामासाठीं माहिती वापरली तर तो कायदा लागत नाहीं, असें त्यांतच म्हटलें आहे. म्हणजे कंपनीनें आपला क्रमांक कोणाला दिला तर तिला जाब विचारतां येईल. सहप्रवासी काकांनीं तो आपल्या भाच्याला, विमा विकण्यासाठीं, दिला तर तेथें बहुधा सभ्यतेवरच भिस्त ठेवावी लागणार.

प्रत्यक्ष भेटीच्या वेळचीहि एक गोष्ट आहे. महिनाभर वाचलेली माणसें बोटीवर पहिल्यांदा दिसतात, तेव्हां भोजनगृहांत मोठ्यानें, "अहो, तुम्हीच ना त्या मधुमेहवाल्या?" असें कांहीं लोक ओरडतात. जें ग्रूपमध्यें एका कारणासाठीं सांगितलें गेलें, तें टेबलावर आणूं नये. नव्यानें नांव सांगावें, नव्यानें नमस्कार करावा. छायाचित्र काढतांना विचारावें, आणि दुसऱ्यांच्या मुलांचें छायाचित्र त्यांच्या आईबापांखेरीज कोणाला पाठवूं नये.

मीं वर सांगितलें त्या बाई पहिल्या संध्याकाळीं एकट्याच एका कोपऱ्यांत जेवायला बसल्या होत्या. माझी पत्नी त्यांच्या शेजारीं जाऊन बसली. तिनें त्यांना कांहीं विचारलें नाहीं, फक्त आमटी फार तिखट आहे एवढें सांगितलें. तिसऱ्या दिवशीं, डेकवर उभें असतां, त्या आपण होऊन यजमानांविषयीं बोलूं लागल्या, आणि तास दीड तास बोलत होत्या.

परत आल्यावर ग्रूप बंद करावा. छायाचित्रांची देवाणघेवाण होईपर्यंत आठ-दहा दिवस ठेवावा, आणि मग काढणाऱ्यानें सर्वांचे आभार मानून तो मोडावा. नाहीं तर दोन वर्षांनींहि सत्तर लोकांचे क्रमांक तेथें पडलेले राहातात आणि त्यांत कोणी तरी गुंतवणुकीच्या जाहिराती टाकीत बसतो. ज्यांची ओळख राहावयाची, त्यांनीं बोटीवरच एकमेकांचे क्रमांक मागून घेतलेले असतात.